गेन वाढवण्याआधी विलंब मोजा

कंट्रोल सिस्टीम (तापमान, वेग वगैरे आपोआप सांभाळणारी यंत्रणा) या विषयावरचे विद्यार्थ्यांचे तेच ते प्रश्न दर सत्राला येतात. त्यातले चार घेतो.

प्रश्न : राऊथच्या तक्त्यात (सिस्टीम स्थिर आहे का ते तिच्या समीकरणावरून तपासायचा तक्ता) पहिल्या स्तंभात चिन्ह दोनदा बदललं. अर्थ काय? (ऐरोली)

समीकरणाची दोन मुळं प्रतलाच्या उजव्या अर्ध्या भागात. सिस्टीम अस्थिर.

प्रश्न : रबाळ्याच्या कारखान्यात प्रोजेक्ट करतोय. गरम पाण्याच्या लाइनचं तापमान सारखं वरखाली होतं, मॅटलॅब या सॉफ्टवेअरवर मात्र सगळं स्थिर. ‘गेन वाढव, लवकर सेट होईल,’ असं तिथले जुने लोक सांगतात. (घणसोली)

गेनला, म्हणजे तापमानातल्या फरकाला कंट्रोलर किती जोरात उत्तर देतो त्या आकड्याला, हात लावू नका. ऐकीव सल्ल्यांत हा सगळ्यात महागात पडणारा. तुमच्या मॉडेलमध्ये बहुतेक विलंबच घेतलेला नाही. एकाच टाइम कॉन्स्टंटचं (बदलाला किती वेळ लागतो ते एकाच आकड्यात सांगणारं) मॉडेल प्रपोर्शनल गेन कितीही वाढवला तरी कागदावर डगमगत नाही. पाइपातलं पाणी डगमगतं. समजा सेन्सर हीटरच्या 4 मीटर पुढे आहे आणि पाणी सेकंदाला अर्धा मीटर सरकतंय. मग हीटरने केलेला बदल सेन्सरला 8 सेकंदांनी कळणार. तोवर कंट्रोलर जुन्या आकड्यावरच उष्णता ओतत राहतो. विलंबाने मॅग्निट्यूड (सिग्नल किती पट होतो ते) बदलत नाही, म्हणून बोडेच्या (फ्रिक्वेन्सीनुसार मॅग्निट्यूड वर, फेज खाली दाखवणाऱ्या) जोडीतल्या वरच्या आलेखात तो दिसतच नाही. खालच्या आलेखात फेज (सिग्नल किती अंश मागे पडतो ते) मात्र ओढून नेतो. क्रॉसओव्हर (लूपचं मॅग्निट्यूड एक होतं ती फ्रिक्वेन्सी) सेकंदाला 0.1 रेडियनवर असेल, तर 8 सेकंदांचे 0.8 रेडियन होतात, म्हणजे सुमारे 46 अंश. तुम्ही 45 अंशांचं फेज मार्जिन (अस्थिर होण्याआधी हातात असलेली फेजची मोकळीक) राखलं असेल, तर ते सगळं गेलं! गेन वाढवलात की क्रॉसओव्हर आणखी पुढे सरकतो आणि हा लॅगही वाढतो. लूप मॅन्युअलवर घेऊन (कंट्रोलरचं आपोआप चालणं थांबवून) हीटरला छोटी स्टेप, म्हणजे एकदम केलेला छोटा बदल, द्यायची, सेन्सर किती वेळाने हलतो ते ट्रेंडवर (वेळेनुसारच्या आलेखावर) बघायचं आणि तो आकडा मॉडेलमध्ये घालायचा. पण हे तिथल्या इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअरना विचारून, ते समोर असतानाच. कंट्रोलर ट्यून करण्याच्या झिग्लर-निकोल्सच्या 1942 च्या पद्धतीने चालती लाइन मुद्दाम हेलकाव्यांपर्यंत नेणं तर विद्यार्थ्याने करूच नये.

प्रश्न : पीआयडीत (प्रपोर्शनल, इंटिग्रल, डेरिव्हेटिव्ह अशा तीन भागांच्या कंट्रोलरमध्ये) डी नेहमी हवाच का? (वाशी)

नाही. सिग्नलमध्ये नॉइज असेल तर डी तो वाढवतो आणि व्हॉल्व्ह उगाच थरथरतो. पुष्कळ लूप पीआयवर उत्तम चालतात. तुमच्या लूपचं सरांना विचारा.

प्रश्न : ‘सात दिवसांत रूट लोकस, पास होण्याची हमी’ अशी ठाण्यातल्या एका क्लासची जाहिरात आहे. फी भरू का? परीक्षा तीन आठवड्यांवर आहे आणि लाप्लासच कच्चं आहे. (कळवा)

भरू नका. तिथे रूट लोकसचे (गेन बदलताना मुळं कुठे सरकतात त्या आलेखाचे) नियम पाठ करून घेतील, आणि प्रश्न जरा फिरवला की ते नियम हाती राहणार नाहीत. लाप्लास (डिफरन्शियल समीकरणं बीजगणितात बदलायची पद्धत) सत्राच्या सुरुवातीलाच पक्कं व्हायला हवं होतं. आता वही घेऊन आजच तुमच्या विषयाच्या मॅडमना किंवा सरांना गाठा. पार्शल फ्रॅक्शन कुठे अडतं ते दाखवा, आणि रूट लोकसला त्यानंतरच हात घाला.