वाचकांचे प्रश्न : एच-इंडेक्स ३१ की १९?

प्रश्न : मानसशास्त्रातल्या एका संशोधकाचा एच-इंडेक्स गूगल स्कॉलरवर ३१ दिसतो आणि स्कोपसवर १९. खरा कोणता? त्यावरून काम किती वजनाचं आहे ते कळतं का?

उत्तर : दोन्ही खरे, वह्या वेगळ्या आहेत, इतकंच. एच-इंडेक्स ६ म्हणजे सहा निबंध असे, की प्रत्येकाचा संदर्भ किमान सहा वेळा दिला गेलाय (सात निबंधांना सात-सात मात्र नाहीत). गूगल स्कॉलर आणि स्कोपस या असे संदर्भ मोजणाऱ्या दोन वेगळ्या सेवा. स्कोपसमध्ये निवडक जर्नलं आणि थोडी पुस्तकं असतात. स्कॉलर मात्र प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलात छापण्याआधी खुला केलेला मसुदा), पुस्तकातली प्रकरणं, सापडेल ते मोजतं. म्हणून आकडा लिहाल तेव्हा तो कुठला आणि कोणत्या तारखेचा, हेही लिहा.

जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली सुचवलेला हा निर्देशांक कागदावरही निघतो. समजा, एकाच्या दहा शोधनिबंधांना १२०, ४५, ३०, १२, ९, ७, ६, ४, ३ आणि १ अशी सायटेशन्स (इतर लेखनात दिलेले संदर्भ) आहेत. उतरत्या क्रमाने मोजत खाली या. सहाव्याला ७ आहेत, चाललं; सातव्याला ६ च, तिथे गाडी अडते. एच-इंडेक्स ६. आता गंमत पाहा : एकूण २३७ पैकी निम्म्याहून जास्त पहिल्या निबंधाची, पण त्याला १२० ऐवजी ७ असती तरी उत्तर ६ च आलं असतं.

त्यामुळे आकडा बाजूला ठेवून आधी तो पहिला निबंध उघडा. मानसशास्त्रात बहुतेकदा तिथे एखादी मापनश्रेणी (गुण देऊन मोजायची प्रश्नावली) नाहीतर विश्लेषणाची पद्धत सापडते. बॅरन आणि केनी यांचा १९८६ चा मध्यस्थ चलांवरचा (कारण आणि परिणाम यांना जोडणाऱ्या मधल्या घटकांवरचा) लेख हे ठळक उदाहरण. पद्धत वापरली की त्या लेखाचं नाव द्यावंच लागतं. लेखकांचा एखादा सिद्धांत पटला, असा त्याचा अर्थ नाही. खोडून काढायला घेतलेलं नावही मोजणीत एकच धरलं जातं. निष्कर्ष टिकतो का, हा तर निराळाच प्रश्न. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा मूळच्या ९७ टक्क्यांच्या जागी ३६ टक्केच निकाल सांख्यिकीय कसोटीला उतरले.

दोघांची तुलना करायचीच असेल तर वही एकच घ्या, एच-इंडेक्सला पहिल्या निबंधापासूनच्या वर्षांनी भागा आणि स्कोपसवर स्व-उल्लेख (लेखकाने स्वतःच्याच निबंधांचे दिलेले संदर्भ) वगळून पुन्हा बघा. सामाजिक मानसशास्त्रज्ञाला मेंदूविज्ञानवाल्याशेजारी उभं करू नका. मेंदूविज्ञानात लेखक आणि संदर्भ दोन्ही जास्त असतात.

प्रश्न : माझ्या स्कॉलर प्रोफाइलवर नावबंधूचे निबंध आलेत. काय करू?

उत्तर : त्या निबंधांपुढच्या चौकटीत खूण करा आणि ‘डिलीट’ दाबा. मग लेखांच्या अद्ययावतीकरणाची सेटिंग बदलून बदल आपोआप न करता आधी तुम्हाला ईमेलने विचारण्याचा पर्याय निवडा, नाहीतर पुढच्या फेरीत आणखी येतील. एकच निबंध दोनदा दिसत असेल तर दोन्हींवर खूण करून ‘मर्ज’ करा. वेगवेगळे निबंध चुकून जोडले गेले तर सायटेशनच्या संख्येपुढे तारा (*) दिसू शकतो. तो दिसला की उघडून तपासा. १६ अंकी ऑर्किड (संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) काढून प्रत्येक निबंध पाठवताना दिलात, तर स्कोपसवरचा घोळ कमी होतो. स्कॉलरवरची साफसफाई मात्र हातानेच.