वनस्पतीशास्त्रात संशोधन : मुलीला पाठवावे का?

प्रश्न : माझी मुलगी ठाण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला वनस्पतीशास्त्र शिकते. वनस्पतींच्या प्रजननावर रेणवीय पातळीवर संशोधन करण्याची तिची इच्छा आहे. घरची मंडळी म्हणतात, परागकण पाहून पोट भरत नाही, एम.बी.ए. कर. आम्ही काय करावे? – एक आई, ऐरोली

उत्तर : सप्रेम नमस्कार.

परागकणांची थट्टा करणाऱ्या मंडळींना एकदा वाशीच्या फळबाजारात घेऊन जा. बाहेरून निर्दोष दिसणारा हापूस कापल्यावर आत पांढरट, आंबूस गर निघतो, त्याला आपण साका म्हणतो. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतील अभ्यासाने या दोषाचा संबंध कोयीतील बीजाशी जोडला आहे : फळ झाडावर असतानाच बीज उगवणीच्या तयारीला लागते आणि त्याचा परिणाम भोवतालच्या गरावर होतो. बीज केव्हा आणि कशामुळे जागे होते, हे शोधणे याच शाखेचे काम आहे.

संकरित बियाण्याचेही तसेच आहे. त्याच्या पुढच्या पिढीत गुण विखुरतात, म्हणून शेतकऱ्याला ते दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते. रोप स्वतःची हुबेहूब नक्कल बीजातूनच करू लागले, तर हा खर्च वाचेल. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत डॉ. इम्रान सिद्दीकी यांच्या गटाने अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपातील एक जनुक बिघडले की अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे पेशीविभाजन) न होताच युग्मके म्हणजे प्रजननपेशी तयार होतात, हे २००८ मध्ये दाखवले. त्या दिशेचा तो महत्त्वाचा टप्पा होता.

विषय असा मोहक असला, तरी रोजचे काम मोहक नसते, आणि माझ्या मते निर्णय त्यावरच व्हावा. कळी उमलण्याआधी चिमट्याने पुंकेसर काढायचे, फुलावर पिशवी चढवायची, चिठ्ठी बांधायची, ठरल्या वेळी पराग लावायचा, आणि एवढे करून पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याचा प्रयोग, चौथ्यांदा फसला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. आंब्याचा मोहोर हुकला तर वर्षभर थांबावे लागते. बी ते बी हा प्रवास सुमारे सहा आठवड्यांत पुरा करणारे अरॅबिडॉप्सिस प्रयोगशाळांना प्रिय आहे ते यामुळेच. हे तिला सोसते का, याची चाचणी घरच्या कुंडीपासून सुरू होऊ शकते. सदाफुलीचे पराग साखरेच्या पातळ द्रावणात, चिमूटभर बोरिक आम्ल घालून, काचपट्टीवर ठेवले आणि महाविद्यालयातील सूक्ष्मदर्शकाखाली अर्धा-पाऊण तास धीराने पाहिले, तर परागनलिका वाढताना दिसते. पहिल्या खेपेला बहुधा काहीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी ती साखरेचे प्रमाण बदलून पुन्हा बसली, तर तिच्या हट्टाला अर्थ आहे.

आता पैशांचे बोलू. एम.एस्सी.ची दोन वर्षे, पीएच.डी.ची पाच-सहा आणि त्यानंतर पोस्टडॉकची, म्हणजे तात्पुरत्या संशोधनपदाची, काही वर्षे धरली, तर कायम नोकरी मिळेपर्यंत ती तिशी ओलांडलेली असेल, आणि अशा जागाही थोड्याच असतात; हे घरात आजच स्पष्ट असावे. मात्र पीएच.डी.चा भार आपल्यावर पडेलच असे नाही. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. शिवाय बियाणे कंपन्या, ऊतिसंवर्धन (टिश्यू कल्चर) प्रयोगशाळा आणि कृषी विद्यापीठे या वाटाही आहेत.

केवळ नावात ‘बायोटेक’ आहे म्हणून लाखोंचे शुल्क आकारणारा अभ्यासक्रम घेऊ नये. फुलाची रचना, भ्रूणविज्ञान आणि आनुवंशिकी पक्की असलेली विद्यार्थिनी पीसीआर काही आठवड्यांत शिकते. उलटे सहसा घडत नाही. एम.एस्सी.साठी जॅम आणि गॅट-बी या प्रवेशपरीक्षांची तयारी तिसऱ्या वर्षाच्या आरंभीच सुरू करावी.

त्याआधी, येत्या उन्हाळ्यात तिने दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काढावेत. देशातील तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. पुण्यातील आयसर आणि आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनाही तिने थेट लिहावे. पण एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नये. ज्यांना लिहायचे, त्यांचा एक तरी शोधनिबंध वाचून त्यातील न समजलेली गोष्ट पत्रात विचारावी. एम.बी.ए.चा विषय ती तिथून परतेपर्यंत घरात काढू नये.