लायसन्स संपतंय, आता कोणता अँटिव्हायरस घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात विंडोज ११चा एकच कॉम्प्युटर, तो तुम्ही, आई-वडील आणि कॉलेजात जाणारी मुलगी असे सगळे वापरता. विकतच्या अँटिव्हायरसचं लायसन्स महिन्याभरात संपतंय, 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे' अशा चौकटी रोज येताहेत, मशीनही हळू झालंय. रिन्यू करावं, दुसरा घ्यावा की फुकटचा टाकावा?

माझ्या मते रिन्यू करू नका. जुना पूर्ण काढून टाका, विंडोजसोबतच येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर चालू होऊ द्या आणि वाचलेल्या पैशात एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. पूर्वी मी असा सल्ला दिला नसता. मत कशामुळे बदललं ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी मोठ्या बहिणीच्या कॉम्प्युटरवर मीच एक चांगल्यापैकी अँटिव्हायरस विकत घेऊन टाकून दिला होता आणि तिला निर्धास्त राहायला सांगितलं होतं. भाच्याने व्हिडिओ एडिटिंगच्या एका प्रोग्रॅमचा क्रॅक, म्हणजे विकतचा प्रोग्रॅम पैसे न देता चालवायची चोरटी फाइल, उतरवला. सोबतच्या सूचनांत पहिलीच ओळ होती, 'इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा.' त्याने केला. दुसऱ्या दिवशी एकही फोटो उघडेना, प्रत्येक फाइलच्या नावाला एक अनोळखी शेपूट लागलेलं, आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी चिठ्ठी. बॅकअप होता, पण त्याची हार्ड डिस्क बारा महिने कॉम्प्युटरला जोडलेलीच असायची. रॅन्समवेअरने, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने, तीही सोडली नाही. भाऊजी आदल्याच वर्षी गेले होते आणि त्यांचे बहुतेक फोटो त्यातच होते. अँटिव्हायरस कुठला घ्यायचा यावर मी आठवडाभर खल केला होता. ती डिस्क काढून कपाटात ठेव, एवढं मात्र तिला सांगितलं नव्हतं.

तर आधी डिफेंडरबद्दल. 'तो काही कामाचा नाही' हे मत ज्या काळात तयार झालं त्या काळी ते बरोबरच होतं. विंडोज व्हिस्टामधला डिफेंडर फक्त स्पायवेअर, म्हणजे गुपचूप पाळत ठेवणारे प्रोग्रॅम, शोधायचा. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी इसेन्शियल्स नावाचा वेगळा अँटिव्हायरस काढला आणि २०१२ मध्ये विंडोज ८सोबत पूर्ण अँटिव्हायरस विंडोजच्या आतच आला. सुरुवातीची काही वर्षं तो चाचण्यांमध्ये मागे पडायचा. आता ती स्थिती राहिलेली नाही. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन संस्था नियमित तुलना करतात. त्यांच्या निकालांत गेली बरीच वर्षं तो नावाजलेल्या विकतच्या नावांच्या बरोबरीने असतो.

हे निकाल तुम्ही स्वतः बघा, पण बघण्याची एक रीत आहे. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातली सोय अशा तीन गोष्टींना प्रत्येकी ६ गुण देते, एकूण १८. साडेसतरा आणि अठरामध्ये घरच्या वापरात काहीही फरक नाही. एका फेरीत पहिला आलेला पुढच्या फेरीत चौथा असतो, म्हणून दोन-तीन वर्षांचे निकाल एकत्र बघायचे. आणि चुकीच्या इशाऱ्यांचा आकडा आवर्जून वाचा. निर्दोष फायलींना वारंवार व्हायरस म्हणणारा प्रोग्रॅम माणसाला इशारे न वाचता बंद करायची सवय लावतो. एकदा ती सवय लागली की खऱ्या इशाऱ्याचंही तेच होतं.

डिफेंडरच्या उणिवाही सांगायला हव्यात. त्याची बरीचशी हुशारी इंटरनेटवरून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे विचारणा करण्यात आहे. नेट नसताना त्याची पकड ढिली पडते. एखादा कॉम्प्युटर कायम नेटशिवाय चालत असेल आणि पेन ड्राइव्हवरून फायली येत असतील, तर तिथे मी दुसरा अँटिव्हायरस घेईन. शेकडो लहान फायली कॉपी करताना तो मशीनला थोडा जड पडतो, हेही खरं.

दुसऱ्या कंपनीच्या फुकटच्या अँटिव्हायरसचं म्हणाल, तर तो पाहणार काय याचा विचार करा. आपण उघडलेली प्रत्येक फाइल आणि बहुतेकदा प्रत्येक वेबसाइट त्याच्या नजरेखालून जाते. अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीने ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या आपल्याच उपकंपनीमार्फत विकल्याचं २०२० मध्ये बाहेर आलं, जम्पशॉट बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलरचा दंड केला. सगळे फुकटवाले असंच करतात असं माझं म्हणणं नाही. पण डिफेंडर आधीच हजर असताना ही जोखीम घ्यायचं कारण मला दिसत नाही.

एकावर एक दोन अँटिव्हायरस मात्र कधीच नकोत. हे प्रोग्रॅम विंडोजच्या अगदी गाभ्याशी बसतात. तिथे चूक झाली की सगळंच ठप्प होतं. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीचीच एक आवश्यक फाइल व्हायरस ठरवली आणि असंख्य मशीन्स पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिली. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स बंद पाडली, विमानतळांपासून रुग्णालयांपर्यंत. ते कंपन्यांसाठीचं सॉफ्टवेअर आहे, तरी इतक्या खोलवर बसलेल्या प्रोग्रॅमची एक चूक काय करते ते त्यातून कळतं. घरात असा एकच पुरे.

पॅकेजमधली व्हीपीएन, क्लीनर, रजिस्ट्री दुरुस्ती वगैरे भर सोडून द्या. मशीन हळू होण्यात तिचाही वाटा असू शकतो.

आता त्या रोजच्या चौकटी. त्या अँटिव्हायरसच्याच आहेत का, हे आधी तपासा. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात येणाऱ्या अशा कित्येक चौकटी ब्राउझरच्या नोटिफिकेशन असतात. कधीतरी कुणीतरी एखाद्या साइटवर 'परवानगी द्या' दाबलेलं असतं. चौकटीत बारीक अक्षरात क्रोम किंवा एज आणि साइटचं नाव दिसेल. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडा आणि अनोळखी साइट काढून टाका. आई-वडिलांना एक गोष्ट नीट समजावून सांगा: पडद्यावर फोन नंबर देणारा इशारा खोटाच असतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन नंबर नसतो. त्या नंबरवर फोन केला की पलीकडचा माणूस दूरून कॉम्प्युटर चालवायचं ॲप टाकायला लावतो. ते ॲप एरवी वैध असतं आणि टाकणारे आपणच असतो, त्यामुळे बहुतेकदा कुठलाच अँटिव्हायरस आडवा येत नाही.

मुलीशी क्रॅकबद्दल बोला, रागावू नका. आज क्रॅकमधून फार वेळा येतो तो माहिती चोरणारा मालवेअर. काही क्षणांत तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज (तुम्ही लॉग-इन आहात हे साइटला सांगणाऱ्या छोट्या नोंदी) घेऊन जातो. कुकी हाती लागली की चोर आधीच लॉग-इन झालेल्या अवस्थेत आत शिरू शकतो, ओटीपी विचारलाही जात नाही. असं कधी झालंच तर दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदलायचे आणि 'सगळ्या ठिकाणांहून लॉग-आउट' करायचं. तिचं आणि आई-वडिलांचं विंडोजचं खातं स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित अधिकारांचं, ठेवा, ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे. भाच्याकडे ॲडमिनचा अधिकार होता म्हणून तो अँटिव्हायरस बंद करू शकला. याने कुकीची चोरी थांबत नाही, पण संरक्षण बंद करण्याआधी तुम्हाला विचारावं लागेल.

विंडोजचे अपडेट पुढे ढकलू नका. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर पसरला तेव्हा त्याने वापरलेली फट बुजवणारा अपडेट १४ मार्चलाच आलेला होता. घरात विंडोज १०चं मशीन असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेही मनात ठेवा.

हार्ड डिस्क आणली की आठवड्यातून एकदा जोडा, बॅकअप घ्या, लगेच काढून ठेवा. महिन्यातून एकदा त्यातले दोन-चार फोटो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

प्रत्यक्ष बदल असा करा. जुना अँटिव्हायरस सेटिंगमधून अनइन्स्टॉल करा, त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल तिच्या अधिकृत साइटवरून घेऊन चालवा, मग रीस्टार्ट. लायसन्स संपलेला अँटिव्हायरस तसाच ठेवू नका. विंडोज सिक्युरिटी उघडून रिअल-टाइम संरक्षण आणि टॅम्पर प्रोटेक्शन (दुसऱ्या प्रोग्रॅमला डिफेंडर बंद करू न देणारी सोय) चालू आहे ना ते बघा. नको असलेली ॲप्स अडवण्याची सोयही चालू करा. रॅन्समवेअरच्या पानावर ठरावीक फोल्डर राखण्याची सोय मिळेल, ती सहसा बंद असते. चालू केल्यावर एखादा नेहमीचा प्रोग्रॅम फाइल सेव्ह होत नाही म्हणून कुरकुर करेल, त्याला यादीत परवानगी द्या. एकदा ऑफलाइन स्कॅन, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच होणारी तपासणी, तेही करा. मशीन रीस्टार्ट होऊन साधारण पंधरा मिनिटं घेतं.

शेवटी आयकारची चाचणी फाइल उतरवून बघा. ६८ अक्षरांची ही निरुपद्रवी फाइल अँटिव्हायरस जागा आहे का हे तपासायलाच बनवलेली आहे. ती लगेच अडवली गेली पाहिजे. नाही गेली तर विंडोज सिक्युरिटीच्या पानावर काय दिसतंय ते जसंच्या तसं लिहून पाठवा, पुढचं आपण मिळून बघू.