ल्यूथरचं ते दुसरं पुस्तक

प्रभूमध्ये प्रिय चिरंजीव,
सप्रेम सलाम.

धर्मसुधारणेच्या रविवारी पहिल्यांदाच उपदेश करतोयस, हे वाचून फार आनंद झाला. सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर, त्याच्यावर बोलायचं ठरवलंस आणि तयारी करता करता त्याचं १५४३ सालचं पुस्तक हाती लागलं. दोन रात्री झोप नाही म्हणतोस. आणि शेवटी विचारलंयस, ‘एवढा भाग वगळला तर चालेल का?’

नाही चालणार.

त्या पुस्तकाचं नावच ‘यहूदी आणि त्यांच्या लबाड्या’. त्यात तो राज्यकर्त्यांना सल्ला देतो : यांची सभास्थानं, म्हणजे प्रार्थनामंदिरं, जाळा, जे जळणार नाही ते मातीखाली गाडा. घरं पाडा. प्रार्थनेची पुस्तकं आणि तालमूद हा त्यांचा धर्मशास्त्रग्रंथ काढून घ्या, रब्बींना, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंना, शिकवायला बंदी करा, सोनं-चांदी ताब्यात घ्या, तरुणांच्या हाती कुदळ-फावडं द्या. रागाच्या भरात तोंडून निसटलेले हे शब्द नव्हेत. बसून लिहिलेले, छापून घेतलेले.

‘त्या काळी सगळेच तसं म्हणायचे,’ असं तुला मंडळीतली मोठी माणसं सांगतील. मीही वर्गात कित्येक वर्षं हेच सांगितलं, आणि त्याचं मला आज वाईट वाटतं. कारण याच ल्यूथरने १५२३ साली ‘येशू ख्रिस्त जन्माने यहूदी होता’ हे पुस्तक लिहिलं होतं. त्यात तो म्हणतो, मी यहूदी असतो आणि असले मूर्ख ख्रिस्ती धर्म शिकवताना पाहिले असते, तर ख्रिस्ती होण्यापेक्षा डुक्कर झालो असतो. यहूद्यांशी मायेने वागा, कामधंदा करू द्या, असंही त्यात आहे. त्या मायेमागे ते ख्रिस्ती होतील ही आशा होती, हेही विसरू नकोस. ती आशा फळली नाही. १५३७ मध्ये यहूद्यांचा पुढारी रोसहाइमचा योसेल मदत मागत होता, तेव्हा ल्यूथरने त्याला भेटसुद्धा दिली नाही. १५४३ चं पुस्तक आल्यावर योसेलने स्ट्रासबुर्गच्या नगरसभेकडे दाद मागितली, आणि तिथे ते छापायला बंदी झाली. झुरिकच्या बुलिंगरने, म्हणजे आपल्याच सुधारणेतल्या माणसाने, या लिखाणावर टीका केली. म्हणजे त्या काळातही कळणाऱ्यांना कळत होतं.

विटेनबर्गला ज्या चर्चमध्ये ल्यूथर उपदेश करायचा, त्याच्या बाहेरच्या भिंतीवर उंचावर एक शिल्प आहे. मी बराच वेळ मान वर करून त्याच्याखाली उभा होतो. डुकरीण, तिला लुचणारे यहूदी, आणि तिचं शेपूट उचलून पाहणारा रब्बी. शिल्प ल्यूथरच्या आधीचं, पण ल्यूथरने १५४३ सालच्याच दुसऱ्या एका पुस्तकात त्याचा चवीने उल्लेख केला, आणि पुढे त्याच्याच शब्दांवरून वर अक्षरं कोरली गेली. खाली जमिनीत १९८८ साली बसवलेली धातूची फरशी आहे. तिच्या भेगांतून काहीतरी दाबूनही वर येतंय, अशी ती घडवली आहे. नाझींनी मारलेल्या साठ लाख यहूद्यांचा उल्लेख तिच्यावर आहे, आणि क्रुसाचाही.

तो उल्लेख उगाच नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत नाझींनी सभास्थानं खरोखर जाळली, तेव्हा थुरिंगियाचा बिशप मार्टिन सासे याने ल्यूथरच्या उताऱ्यांची पुस्तिका काढली. दहा नोव्हेंबर हा ल्यूथरचा जन्मदिवस, त्या दिवशी सभास्थानं जळताहेत, असं त्याने प्रस्तावनेत हर्षाने लिहिलं. एक बिशप, बाळा!

आता आपल्या दारातलं सांगतो. कोकणात पाळक असताना एका लग्नाला शेजारच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहूदी समाजातल्या, आजी आल्या होत्या. मी सवयीप्रमाणे उपदेशात परूश्यांना, म्हणजे येशूच्या काळातल्या त्या यहूदी पंथाला, ढोंगी म्हणून झोडपलं. पंगतीत त्या माझ्या शेजारी बसल्या. मटण नको म्हणाल्या, नुसता वरणभात घेतला. तो कालवता कालवता हळूच म्हणाल्या, “पाळकसाहेब, आमच्या मशिदीत हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, जी प्रार्थना म्हणतो ना, ती त्या परूश्यांच्याच परंपरेतली हो.” आवाज जरासुद्धा चढला नव्हता. सिनेगॉगला त्या मशीदच म्हणायच्या, आपल्यासारखंच मराठी बोलायच्या. माझा घास हातातच राहिला. त्या दिवसानंतर ‘परूशी’ हा शब्द मी शिवीसारखा वापरलेला नाही. तूही वापरू नकोस, तुझ्या तोंडीही तो सहज येतो हे मी ऐकलंय.

ल्यूथरला टाकून दे असं मी म्हणत नाही. कृपेबद्दल त्याने जे शिकवलं, त्यावर मी आजही उभा आहे. पण ते सांगून झाल्यावर ‘पण त्याच्या काही मर्यादा होत्या’ असं एका वाक्यात उरकू नकोस. पुस्तकाचं नाव घे, साल सांग, सल्ले वाचून दाखव. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल ल्यूथरन मंडळीने १९९४ साली हे लिखाण जाहीरपणे नाकारलं, तेही सांग. कुणी उठून गेलं तर जाऊ दे. मंडळीत नंतर चहाला थांब, प्रश्न येतील.

आणि उपदेशाचा तो भाग लिहून झाला की आधी मला पाठव. मी वाट पाहतोय.

तुझा,
सर