टोमॅटोचा शेंडा वळला म्हणजे व्हायरसच असं नाही, काही उपटायच्या आधी खत तपासा (उत्तर लांबलंय)

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण अगदी हेच माझ्याकडे घडून गेलंय. तुम्ही लिहिलंय की टोमॅटोचे शेंडे आत वळलेत, नवीन पानं नेच्यासारखी बारीक येतायत, घेवड्याच्या पानांच्या कडा वर उचलून वाट्या झाल्यात, झिनियाच्या कळ्या मानेत वाकल्यात, आणि त्याच वाफ्यात मका नि कांदा मात्र मजेत. तुम्ही शेवटी शेवटी ओझरतं लिहिलंय की सीझनच्या सुरुवातीला नवीन ठिकाणाहून शेणखत आणलं. माझ्या मते तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये तेवढीच ओळ महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच कुणी वाचलेली दिसत नाही. वर तिघा-चौघांनी व्हायरस आहे, उपटून टाका असं सांगितलंय. त्यांचा हेतू चांगलाच आहे, पण जरा थांबा.

आधीच सांगते, मी कृषीवाली नाही, फक्त बरीच वर्षं भाज्या-फुलं लावतेय, आणि फोटो बघून शंभर टक्के निदान कुणालाच करता येत नाही, मलाही नाही. पाणी किती, ऊन किती, मातीचा निचरा वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही.

मला जो संशय आहे तो तणनाशकाचा. तुम्ही फवारलेलं नाही, खतातून आलेलं. गवताच्या कुरणात आणि धान्याच्या शेतात रुंद पानांचं तण मारायला काही तणनाशकं वापरतात, अमिनोपायरालिड, क्लोपायरालिड, पिक्लोराम ही त्यातली नावं. ती गवताला काही करत नाहीत म्हणूनच तिथे चालतात. आता गंमत अशी की ते गवत किंवा कडबा जनावराने खाल्ला तरी हे औषध पोटात जवळजवळ मोडतच नाही, शेण-मूत्रातून जसंच्या तसं बाहेर पडतं आणि ढिगात पडून राहतं. शेण कुजून काळंभोर, भुसभुशीत झालं, वास गेला, आपण खूश, पण ढिगाच्या आत हवा खेळत नाही तिथे हे फार हळू मोडतं. आणि टोमॅटो, घेवडा, वाटाणा यांना त्याचा त्रास व्हायला अब्जात काही भाग एवढं पुरतं. डोळ्यांनी, नाकाने, हाताने कळायचा प्रश्नच नाही.

ही औषधं झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची, ऑक्सिनची नक्कल करतात. त्यामुळे झाड जळत नाही, भरकटतं. जुनी पानं बऱ्यापैकी ठीक दिसतात आणि सगळा गोंधळ नवीन वाढीत असतो. एक काम करा, टोमॅटोचा सगळ्यात वरचा शेंडा हातात घ्या आणि उजेडासमोर धरा. पान रुंद व्हायच्या ऐवजी अरुंद पट्टी झालेलं असेल, शिरा एकमेकींना चिकटून समांतर धावताना दिसतील, आणि देठ जिथे खोडाला लागतो तिथे पीळ पडलेला असेल. घेवड्याचं पहिलं जोडपान चांगलं आणि त्यानंतरची तीन-तीनची पानं चुरगळलेली असतील तर माझा संशय अजून पक्का.

आता व्हायरस कसा वेगळा. पांढऱ्या माशीने आणलेल्या बोकड्यात (टोमॅटोची पानं वळवणारा व्हायरसचा रोग) पानं लहान होतात, वर वळतात, कडा पिवळ्या पडतात, झाड खुजं राहतं, पण सहसा इथे एक तिथे एक अशी झाडं धरतात, अख्खा वाफा एकाच आठवड्यात नाही. काकडीचा मोझॅक व्हायरस मात्र टोमॅटोचं पान दोरीसारखं बारीक करतो, त्यात माणूस फसतो, हे मान्य. पण टोमॅटो, घेवडा आणि झिनिया ही तीन वेगळी कुळं एकदम, एकाच वाफ्यात, आणि तीही मका-कांदा सोडून, असं व्हायरस क्वचितच करेल. मिरचीवाल्यांसाठी सांगते, चुरडामुरड्यात, म्हणजे पानं आकसून वळतात त्या रोगात, पान वर वळलं तर बहुतेक फुलकिडे, खाली वळलं तर बहुतेक कोळी (जाळं विणणारा नव्हे, रस शोषणारी बारीक कीड), भिंग घेऊन पानाची मागची बाजू बघा. आणि शेजारी कुणी टू-फोर-डी (हेही रुंद पानांच्या तणाचंच औषध) फवारलं आणि वारा तुमच्याकडे होता तरी शेंडे असेच वळतात, पण तेव्हा वाऱ्याच्या बाजूची झाडं जास्त बिघडतात, आणि मात्रा थोडी असेल तर नंतरची फूट सरळ येते. तुमच्याकडे वाफ्याची हद्द संपली की बिघाड संपतोय. कुंडीतला टोमॅटो चांगला आहे असंही तुम्ही लिहिलंय, कुंडीत जुनं खत होतं ना? तपासा.

आता माझं गाऱ्हाणं, ज्यांना नको त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडा.

मी एका सल्ला केंद्रात गेले होते, नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. फांदी ओल्या कागदात गुंडाळून नेली होती, ती कुणी उघडूनही बघितली नाही. मोबाईलवरचा फोटो दोन सेकंद बघितला, व्हायरस आहे म्हणाले आणि दोन फवारण्यांची चिठ्ठी दिली. मी विचारलं की मग घेवडा का वाकडा, तर म्हणे पाणी जास्त होतंय. झिनिया? मॅडम, फुलांचं आमच्याकडे नसतं. आणि मग तो सल्ला दिला ज्याने माझा अख्खा सीझन खाल्ला: सगळं उपटा, तुमची माती कमजोर आहे, अजून दोन घमेली तेच शेणखत घाला आणि परत लावा. म्हणजे ज्याने झाडं बिघडली त्याचाच डबल डोस. वर उपटलेली झाडं कंपोस्टच्या खड्ड्यात टाका, वाया घालवू नका, हाही सल्ला त्यांचाच, त्यामुळे जे एका वाफ्यात होतं ते खड्ड्यात पोचलं आणि तिथून पुढच्या वेळी फुलांच्या पट्ट्यात. डेलियाचं एकही फूल धड उमललं नाही, कळीची एक बाजू उघडते आणि दुसरी मुडपलेली राहते, बघवत नाही ते.

मग माती तपासायला दिली. पैसे आधी घेतले, खूप दिवसांनी रिपोर्ट आला, त्यात सामू, नत्र, स्फुरद, पालाश, सगळं उत्तम. मी विचारलं की तणनाशकाचा अंश? तर ती तपासणी आमच्याकडे होतच नाही. अहो मग फॉर्मवर मी ठळक अक्षरात 'तणनाशकाचा संशय' असं लिहून दिलं होतं ते कुणी वाचलं का! तर हे लक्षात ठेवा की साध्या माती परीक्षणात हे कधीच दिसत नाही, त्यासाठी वेगळी प्रयोगशाळा लागते आणि घरच्या बागेसाठी तो खर्च परवडत नाही. रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका. खत देणाऱ्याचं तर एकच पालुपद, आमचं खत शंभर टक्के ऑरगॅनिक आहे. तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही, त्यालाच माहीत नव्हतं. ज्याने कुरणावर फवारलं त्याच्या डब्याच्या लेबलवर सूचना असते की या गवताचं शेणखत भाजीपाल्याला वापरू नका, पण तो गवत विकतो, घेणारा जनावराला घालतो, तिसरा शेण उचलतो, चौथा पोत्यात भरतो, आणि लेबल पहिल्याच्याच गोठ्यात पडून राहतं. ब्रिटनमध्ये २००८ साली घरगुती बागा करणाऱ्यांचे टोमॅटो, बटाटे असेच वाकडे झाले आणि एवढी ओरड झाली की अमिनोपायरालिडची विक्री काही काळ थांबवावी लागली, नंतर खताबद्दलच्या अटी घालून परत सुरू केली. म्हणजे हे काही माझ्या डोक्यातून आलेलं खूळ नाही.

असो. तुम्ही काय करायचं, तर घेवड्याची परीक्षा. फुकटात होते आणि माझा कुठल्याही चिठ्ठीपेक्षा तिच्यावर जास्त विश्वास आहे. संशयाचं खत आणि खात्रीची माती किंवा कोकोपीट समसमान मिसळून तीन-चार कुंड्या भरा. तेवढ्याच कुंड्या खतावाचून, फक्त खात्रीच्या मिश्रणाच्या. सगळ्यांत घेवड्याचे तीन-तीन दाणे, एकाच पुडीतले. ऊन-पाणी सारखंच, पण ताटल्या वेगवेगळ्या, एका कुंडीचं झिरपलेलं पाणी दुसरीत गेलं तर सगळं मुसळ केरात. दोन-तीन आठवड्यांनी तीन-तीनची पानं नीट फुटली की शेजारी ठेवून बघा. खतवाल्या वाकड्या आणि दुसऱ्या सरळ असतील तर विषय संपला. दोन्ही सरळ असतील तर मी चुकले, मग खुशाल व्हायरसच्या मागे लागा. दोन्ही वाकड्या असतील तर तुमचं 'खात्रीचं' मिश्रणच खात्रीचं नाही. खताच्या ढिगातून एकाच जागचं न घेता चार ठिकाणचं घ्या, कारण सगळा ढीग एकाच चाऱ्याचा नसतो.

परीक्षा चालू असताना वाफ्यात काही उपटू नका, काही फवारू नका, आणि मुख्य म्हणजे अजून खत घालू नका. थोडंच लागलेलं असेल तर टोमॅटो पुढे सावरतोही, माझी काही झाडं सावरली होती. वाकड्या झाडांची फळं मी खाल्ली नाहीत, तुमचं तुम्ही ठरवा, यावर मी कुणाला सल्ला देणार नाही.

संशय खरा निघाला तर वाफा कायमचा गेला असं नाही. मातीतले जिवाणू हे औषध मोडतात, फक्त त्यांना हवा, ओल आणि ऊब लागते. म्हणून माती मधूनमधून हलवा, कोरडी पडू देऊ नका, आणि काही महिने ते काही वर्षं एवढी तयारी ठेवा, नेमकं किती ते मात्रेवर आहे. तोवर तिथे मका, कांदा, लसूण. पण त्या मक्याची ताटं कंपोस्टात टाकू नका आणि आच्छादनालाही वापरू नका, नाहीतर फिरून तिथेच. शेंगा, टोमॅटो-वांगी-बटाटा, गाजर, लेट्युस आणि सूर्यफुलाच्या कुळातली सगळी फुलं म्हणजे झिनिया, कॉसमॉस, झेंडू, डेलिया, त्या वाफ्यात सध्या नकोत. दर सीझनला कोपऱ्यात दोन घेवडे पेरून बघायचे, सरळ आले की हळूहळू बाकीचं. उरलेलं खत गवताच्या तुकड्यावर पसरून टाका, गवताला त्याचं काही वाटत नाही. कोळशाची पूड टाका असं कुणीतरी सांगेलच, तर सक्रिय कोळसा हे औषध धरून ठेवतो हे खरंय, पण चुलीतला कोळसा म्हणजे तो नव्हे, आणि अख्ख्या वाफ्याला पुरेल एवढा आणायचा तर नवी माती स्वस्त पडेल.

खतवाल्याला 'ऑरगॅनिक आहे का' हे विचारूच नका, त्याचं उत्तर 'हो'च असतं. जनावरं काय खातात, चारा घरचा की विकतचा, त्यावर काय फवारलं होतं, हे विचारा. सांगता नाही आलं तर थोडंसंच घ्या आणि आधी घेवडा पेरा. लॉनचं कापलेलं गवत आच्छादनाला फुकट मिळतं म्हणून आणणाऱ्यांनाही हेच लागू, लॉनवर तण मारायचं औषध मारलेलं असू शकतं. मी आता फक्त स्वतःच्या बागेतली वाळकी पानं घालते, जरा कंजूषपणा वाटेल, वाटू दे.

तुम्ही विचारलंय की सीझन वाया गेला का. अजिबात नाही. स्वच्छ मिश्रणाच्या कुंड्यांत झिनिया आणि कॉसमॉस आजही पेरा, दोनेक महिन्यांत फुलं येतात, झिनिया वीतभर झाला की शेंडा खुडा, बाजूच्या फांद्या फुटतात. कॉसमॉसला खत घालून लाड करू नका, नुसता पाला वाढतो. बुटका घेवडाही होईल. टोमॅटो नव्याने लावायचा असेल तर पुढे ऊन किती चढणार ते बघून ठरवा, दिवसा ३५ अंशांच्या वर गेलं आणि रात्रीही गार झालं नाही तर फूल येतं आणि गळून जातं, फळ धरतच नाही. आणि तुमच्या तिसऱ्या फोटोत जुन्या टोमॅटोच्या फळाच्या बुडाला काळा चपटा डाग आहे ना, त्याचा या सगळ्याशी संबंध नाही, ते पाणी कधी कमी कधी जास्त झाल्यावर फळाला कॅल्शियम नीट पोचत नाही म्हणून होतं, पाण्याची वेळ सांभाळा, औषध नको.

घेवडे उगवले की दोन्ही कुंड्या शेजारी ठेवून वरून आणि बाजूने असे फोटो टाका, नुसत्या वाकड्या झाडाच्या फोटोवरून काही सांगता येत नाही. आणि खताचं पोतं टाकून देऊ नका, त्यावर बॅच वगैरे लिहिलेलं असेल तर त्याचाही फोटो काढून ठेवा.