वाचकांचे प्रश्न : इजिप्तची एका बाजूने दिसणारी माणसे

प्रश्न : मी सातवीला चित्रकला शिकवते. प्राचीन इजिप्तमधील भिंतींवर कोरलेल्या आकृत्या मुलांना ‘चुकलेल्या’ वाटतात. त्यांना हे शिल्प कसे शिकवावे?

उत्तर : चेहरा बाजूने, डोळा व खांदे समोरून, ही चूक नसून प्रत्येक अवयव सर्वांत स्पष्ट दिसेल त्या बाजूने दाखवण्याची रीत होती, हे आधी सांगावे. मग वहीत चौकटी आखून उभ्या माणसाचे तळपायापासून कपाळावरील केसांच्या रेषेपर्यंत 18 चौकोन मोजायला लावावेत. तेथील चित्रकार दीर्घकाळ हेच प्रमाण पाळत. इजिप्तच्या राजांची थडगी असलेल्या ‘राजांच्या खोऱ्या’तील होरेमहेब या राजाच्या अपूर्ण थडग्यात तांबड्या रेषांचे कच्चे रेखाटन आणि त्यावर काळ्या रंगाने केलेल्या दुरुस्त्या आजही दिसतात. (खोडरबरावर भिस्त असलेल्या मुलांना हे छायाचित्र जरूर दाखवावे.)

कोरण्यासाठी दगड नको; प्लास्टर ऑफ पॅरिसची बोटभर जाड लादी आणि बोथट खिळा पुरे, मात्र भुकटी उडू नये म्हणून लादी ओलसर ठेवावी. आकृतीची बाह्यरेषा खोल कोरून आतला भाग पृष्ठभागाच्या खालीच घडवावा आणि लादी उन्हात तिरपी धरावी. मंदिरांच्या बाहेरच्या भिंतींवर प्रामुख्याने असे खोलगट कोरीवकाम का असे, ते कडांवर पडणारी सावलीच दाखवील.