खेळ चांगला असूनही ‘ब्लर’ का चालला नाही

‘ब्लर’ हा गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम आजही इतका रंगतो, मग तो बाजारात का पडला, असे आपण विचारले आहे. नाशिकला कॉलेज रोडलगत मी काही वर्षे तासाच्या भाड्याने कन्सोल (टीव्हीला जोडायचे गेमयंत्र) खेळायला देत असे, आणि तिथे जे पाहिले त्यावरून माझे मत असे बनले आहे की दोष खेळात नव्हता. तो कोणासाठी आहे हे त्याच्या डिस्कचा डबा हातात घेणाऱ्याला कळत नव्हते.

तो बनवणाऱ्या लिव्हरपूलच्या बिझार क्रिएशन्स या स्टुडिओने त्यात खऱ्या कंपन्यांच्या गाड्या घेतल्या आणि त्यांना शस्त्रे दिली. ओळखीची गाडी पाहून जी मुले तो लावायला सांगत, त्यांना ब्रेक कुठे दाबायचा, वळण कसे कापायचे याची गोडी असे. मागून ‘शंट’ या शस्त्राचा लाल गोळा येऊन गाडी उडाली की ती मुले ‘ग्रान टुरिस्मो’ हा शस्त्रांविना खऱ्यासारख्या शर्यतीचा खेळ मागत. उलट चार मित्र एका पडद्याचे चार भाग करून बसले, की एका तासाचे दोन तास होत. मात्र त्यांच्यापैकी कोणीही तो डबा आपणहून उचलला नव्हता. दर वेळी मलाच सुचवावे लागे.

त्यात वेळही वाईट ठरली. मे २०१० मध्ये ‘ब्लर’, ‘स्प्लिट सेकंड’ आणि ‘मॉडनेशन रेसर्स’ हे तिन्ही शर्यतीचे खेळ जवळजवळ एकाच आठवड्यात आले आणि ‘रेड डेड रिडेम्प्शन’ हा गाजलेला खेळही त्याच सुमारास आला. महिन्याला एकच डिस्क घेऊ शकणारा माणूस अशा वेळी अनोळखी नावावर पैसे लावत नाही. पुढच्याच वर्षी बिझार क्रिएशन्स आणि ‘स्प्लिट सेकंड’ करणारा ब्लॅक रॉक हे दोन्ही स्टुडिओ बंद झाले.

‘ड्राइव्हक्लब’ या शर्यतीच्या दुसऱ्या खेळाचे नशीब बिघडण्याचे कारण वेगळे आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये तो आला तेव्हा इंटरनेटवर खेळणाऱ्यांना जोडणारे त्याचे सर्व्हरच भार पेलू शकले नाहीत. त्यातला पाऊस, जो मला आजही अप्रतिम वाटतो, डिसेंबरमध्ये अपडेटमधून आला; तोवर लोकांचे मत बनून गेले होते.

दुसरी संधी मिळाली तर काय होते, हे निन्टेन्डो कंपनीच्या ‘मारिओ कार्ट ८’ या शर्यतीच्या खेळाने दाखवले. २०१४ मध्ये कंपनीच्या वी यू या न चाललेल्या कन्सोलवर त्याच्या सुमारे ८४ लाख प्रती गेल्या; २०१७ मध्ये तोच खेळ थोडी भर घालून स्विच या तिच्या नव्या कन्सोलवर आला आणि ६ कोटींच्या पुढे गेला. त्यातली पात्रे निन्टेन्डोची स्वतःची असल्यामुळे हे सहज शक्य झाले. खऱ्या गाड्यांच्या परवान्यांना मात्र मुदत असते, आणि ती संपली की ‘फोर्झा होरायझन ४’सारख्या लोकप्रिय खेळाचीही डिजिटल विक्री डिसेंबर २०२४ मध्ये थांबवावी लागते. ‘ब्लर’ही डिजिटल दुकानांत आता मिळत नाही, म्हणून आपल्याकडे डिस्क असेल तर ती जपून ठेवा आणि चार कंट्रोलर जमवून खेळा.